लग्न ठरल्याचा फोटो

त्या काळी फोटो काचेवर निघायचा, रस्त्यात घोडागाड्या धावायच्या आणि मी स्वतःला माणसांच्या चेहऱ्यांचा मोठा जाणकार समजायचो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

माझा स्टुडिओ वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली. खाली शिंपिणीचं दुकान. ती माझी लहानपणापासूनची मैत्रीण. कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरलो की माझे नुसते लांब पाय दिसायचे, म्हणून ती मला 'बगळ्या' म्हणायची आणि तिचं ऐकून सगळी गल्ली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती चहा घेऊन वर यायची. माझं बटण लोंबत असलं तर शर्ट अंगावर असतानाच टाके घालायची आणि सुई टोचली तर मलाच ओरडायची, "हलू नकोस!" याला मी मैत्री म्हणत होतो. बाकीचे काय म्हणतात, ते विचारायचं काही मला सुचलं नाही.

मग तिच्या मावशीने स्थळ आणलं. घोड्यांचा डॉक्टर. विधुर, शांत, नाकासमोर चालणारा. तिने मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "वा, उत्तम!" आणि त्याच संध्याकाळपासून माझं पोट बिघडलं. घास उतरेना. शेवटी डॉक्टरकडे गेलो, माणसांच्या.

"कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीचं लग्न ठरलं तेव्हापासून."

त्यांनी माझी नाडी सोडून दिली. मग त्यांनी एक कडू औषध दिलं. मी इमानेइतबारे बाटली संपवली.

थोड्याच दिवसांत ती आणि घोड्यांचे डॉक्टर फोटो काढायला आले, सोबत मावशी. शिंपिणीने स्वतः शिवलेला निळा पोशाख घातला होता. कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात. डॉक्टरसाहेब डोकं खाली, पाय वर असे लटकलेले पाहून मला फार बरं वाटलं.

"जरा लांब सरका," मी कापडातून म्हणालो. "आणखी थोडं."

"अरे, लग्न ठरल्याचा फोटो आहे की वाटणीचा?" मावशी म्हणाली.

"उजेडासाठी लागतं तसं." मी दोघांच्या मधे एक उंच फुलदाणीही ठेवली. तीही उजेडासाठीच. मग मोठ्याने आकडे मोजले आणि जाहीर केलं, "झालं!"

"काय झालं?" शिंपीण म्हणाली. "भिंगावरची टोपी कुठे काढलीस?"

दुसऱ्यांदा टोपी आठवणीने काढली, तर आत काचच घालायची राहिली. कपाळावरचा घाम पुसत होतो, तेवढ्यात डॉक्टरसाहेब सावकाश उठले.

"मी घोडे तपासतो," ते म्हणाले. "बिचाऱ्यांना कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. तुम्हाला बोलता येतं ना हो?"

"येतं," मी म्हणालो, आणि भिंग पुसायला लागलो.

त्यांनी मावशीला नमस्कार केला, मला जाता जाता खांद्यावर थोपटलं आणि जिना उतरून गेले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, पण फक्त शिंपिणीच्या नजरेला नजर मिळेपर्यंत.

"ठरलेलं मोडायचं की नाही, ते मी ठरवणार होते," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी परस्पर मिटवून टाकलंत! मी काय टेबल आहे, इकडचं तिकडे ठेवायला?"

ती फुलदाणीला वळसा घालून तरातरा खाली गेली. ती वर यायची बंद झाली.

शेवटी मीच खाली गेलो. ती खडूने कापडावर खुणा करत होती.

"तू येत नाहीस तर चहा बेचव लागतो," मी म्हणालो. वाटेत जिन्यावर मी याहून बरं काहीतरी जुळवलं होतं.

"चहापत्ती बदल."

"चहापत्तीचं नाही गं. मला... तू हवी आहेस. कायमची."

तिचा खडू क्षणभरही थांबला नाही. "हे कळायला किती वर्षं लागली तुला?"

"बरीच."

"मग मलाही थोडा वेळ लागेल. तोवर बाजूला हो, माझा उजेड अडवतोयस."

तो अख्खा हिवाळा तिने मला टांगून ठेवलं. चहा घेऊन वर यायला लागली खरी, पण रंग जाईल की राहील अशी शंका असलेल्या कापडाकडे बघावं तशी माझ्याकडे बघायची. मी मुद्दाम बटणं तोडायला लागलो. तिने सुईदोरा माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीत जाऊन बसली.

मग एका सकाळी माझी काचा धुवायची बादली कलंडली. औषधाचं पाणी फळ्यांच्या फटींतून खाली, थेट एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पोशाखावर. ती तो ओला पोशाख घेऊनच वर आली.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? लग्नानंतर हे असलं अजिबात चालायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते!"

मी फळीवर गुडघे टेकून पाणी टिपत होतो. आपल्या अंदाजांवर माझा आता काडीचा विश्वास उरला नव्हता, म्हणून विचारून घेतलं, "कुणाच्या लग्नानंतर?"

ती दारात लाल होऊन उभी राहिली.

"तुझ्या," ती म्हणाली. "आणि माझ्या. फडकं पिळ आधी, अजून गळतंय खाली."

मी फडकं पिळलं.