एकविसावा रोजा

बुशराने नळाखाली ग्लास धरला, एकदा मागे पाहिलं आणि एका दमात पाणी पिऊन टाकलं. मागच्या दारातून आत येणाऱ्या तिच्या मुलीला, लमीसला, काचेतून ते दिसलं. ती क्षणभर बाहेरच थांबली. एकविसावा रोजा होता. खुर्चीच्या पाठीवर आईची नमाजाची चटई सकाळपासून घडीतच होती.

"सुटले बाई," पाळी गेली तेव्हा आई म्हणाली होती. "आता तीसच्या तीस रोजे माझे. तू बस खाडे मोजत."

पाळीत रोजा नाही, नमाज नाही. घरातल्या दोघींना एकमेकींचं हे न बोलता कळायचं.

लमीस आत आली तोच फोन वाजला. इथे आयर्लंडमध्ये लॉकडाऊनमुळे डॉक्टर फोनवरच तपासत होत्या. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून लमीसने स्पीकर लावला. टेबलाशी बाबा कोट घालून बसले होते.

"ती खिडकी लाव," ते बुशराला म्हणाले. "सीरियात होम्समध्ये बाँबमधून वाचलो, आता नावनमध्ये गारठून मरेन."

"दोन मिनिटं माझ्या कातडीत राहून बघा," मान पुसत ती म्हणाली.

लमीसने डॉक्टरांना अंगाची आग सांगितली, घाम सांगितला, थकवा सांगितला.

"पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

इंग्रजी बाबांनाही कळत नव्हतं. पण आईला अरबीत विचारलं असतं, तर ते त्यांनाही कळलं असतं. लमीसची नजर चटईवर गेली, तिथून बाबांवर.

"नो," ती म्हणाली.

"काय म्हणाली गं?" आईने विचारलं.

"काही नाही, यम्मा. वय विचारलं."

ऑक्टोबरमध्ये बुशरा बाथरूममध्ये पडली. गाठ गर्भाशयाबाहेर पसरली होती. फेब्रुवारीत तिच्या दफनाला दहाच माणसांना परवानगी होती.

नव्या रमजानच्या पहिल्या दुपारी स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बाबा लावायला उठले, कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. लमीसने चटईची घडी उलगडली, रिकाम्या खुर्चीसमोर अंथरली आणि तिच्यावर बसली. बाबा ऐकत होते. तिने आवाज खाली आणला नाही.

"यम्मा," ती अरबीत म्हणाली, "डॉक्टर विचारतायत, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलंय का?"