चौथ्यांदा विचारलं तेव्हा

मी तीनदा विचारलं होतं. त्या रविवारपासून हे वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत सुटले आहे. ऐकणारा समजुतीने मान डोलावतो आणि माझा जीव आणखीच जळतो.

आम्ही सहा जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी बांतुलच्या आमच्या वस्तीतल्या सभागृहात टेबलं मांडून बसतो. लोक दमलेले लॅपटॉप घेऊन येतात. त्यांच्यावरची जुनी सिस्टिम काढून आम्ही लिनक्स टाकून देतो, तेही फुकट. लोक मग तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि गोड चहा आणतात. नियम एकच आहे आणि तो मीच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला डकवलाय. सगळ्या फाइलींची प्रत आधी दुसरीकडे काढलेली हवी.

पाक पार्दिमान, म्हणजे पार्दिमानकाका, आले तेव्हा रांगेत त्यांच्यामागे सात जण उभे होते. ते गामेलान या आमच्या वाद्यवृंदाचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. माझ्या आईलाही त्यांनीच शिकवलेलं. अंगात इस्त्रीचा बाटिक शर्ट आणि छातीशी धरलेला लॅपटॉप. हा उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो, म्हणाले. आत काय आहे तेही त्यांनी सांगितलं. अकरा वर्षं बसून सुरांच्या आकड्यांत टाइप केलेल्या दोनशे बारा रचना. त्यातली एक त्यांच्या गुरूंची, म्बाह कार्सोंची, म्हणजे कार्सो आजोबांची. त्या आंधळ्या रबाबवाल्या म्हाताऱ्याने ती फक्त यांना शिकवली होती. अर्धांगाचा झटका येऊन डावा हात गेला तसं पार्दिमानांचं वाजवणं सुटलं, आणि वाजवणं सुटल्यावर हळूहळू आठवणंही.

"ती दुसऱ्या कुणाकडे नाही," ते थोडं संकोचून म्हणाले.

म्हणून तर मी विचारलं. प्रत काढलीय ना, पाक? हो, हो, म्हणाले. सगळ्या फाइलींची? हो, सगळ्या. वेगळ्या डिस्कवर ना? यावर ते क्षणभर थांबले, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "झालंय पोरी, झालंय."

मी इथेच जन्मले, वाढले. आमच्याकडचं हो मला कळतं. पाहुण्याने तिखट लागलं तरी म्हटलेलं हो, रस्ता माहीत नसताना दाखवणाऱ्याचं हो, दुसऱ्याचा खोळंबा नको म्हणून म्हटलेलं हो. यातलं एकही खरं हो नसतं. ते क्षणभर थांबले होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आईच्या मास्तरांना चौथ्यांदा विचारणं म्हणजे तुम्ही खोटं बोलताय असं तोंडावर म्हणणं. माझी जीभ रेटेना. मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे खूण केली.

डिस्क लहान होती, म्हणून सगळी पुसून टाकायचा पर्याय निवडला. नक्की पुसू का, असं यंत्रानेही विचारलं. मी हो म्हटलं. पडद्यावर नव्या सिस्टिमची स्वतःचंच कौतुक करणारी रंगीत चित्रं येऊ लागली आणि खाली पट्टी सरकायला लागली. पार्दिमान खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि चहाचा पेला दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "माझ्या रचना एवढा वेळ कुठे काढून ठेवल्यास?"

पट्टी अकरा टक्क्यांवर होती. मी पॉवरचं बटण दाबलं ते पडदा काळा होईपर्यंत सोडलंच नाही.

"झालंसुद्धा?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

पलीकडच्या टेबलावरचा मास, म्हणजे दादा, गियार्तो माझा चेहरा पाहून उठून आला. आमच्यातला तो सर्वांत जुना, आणि हरवलेलं परत आणायचं काम त्याचंच. किती टक्के झाले तेवढं विचारून त्याने लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढायला घेतले. या डिस्कवर आता कुणी फुंकरसुद्धा मारायची नाही, म्हणाला. मी तीनदा विचारल्याचं त्यालाही ऐकवलं.

"तीनदा विचारलंस," तो मान वर न करता म्हणाला, "पण त्यांच्या तोंडाकडे एकदा तरी बघितलंस?"

बघितलं होतं. तेच तर माझं मला खात होतं.

पार्दिमानांना मी सगळं सरळ सांगितलं. प्रत काढणं म्हणजे आम्हीच करतो ते काहीतरी असेल, असा त्यांचा समज होता. एवढे लोक खोळंबलेले असताना काय विचारायचं, म्हणून ते गप्प बसले. मग ते माझीच क्षमा मागू लागले, तुमचा रविवार वाया घालवला म्हणून. काही हरकत नाही, काही हरकत नाही, असं म्हणत राहिले आणि माझ्यासाठी निवलेला चहा बदलून आणला. त्यांनी मला चारचौघांत झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस जीव टांगणीला. गियार्तो आधी अख्ख्या डिस्कची नक्कल करत होता, मग त्या नकलेतून फाइली वेचणार होता. दर तासाला मी त्याला निरोप टाकायची. तो फक्त आकडा पाठवायचा. वीस. एकतीस. ऑफिसात माझं लक्ष लागेना. म्बाह कार्सोंची रचना त्या पुसलेल्या अकरा टक्क्यांत बसली असेल, हाच विचार. बुधवारी त्याचा फोन आला. फाइली मिळाल्या होत्या, पण नावं सगळ्यांची गेली होती. नुसते क्रमांक. कुठली काय आहे ते ओळखणारा माणूस जगात एकच होता.

शनिवारी सकाळी दुरुस्त केलेला लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या ओसरीवर गेले. एकेक फाइल उघडायची, ते आमच्या बोलीतले आकडे पुटपुटायचे, "नेम, मा, लू, रो," उजव्या हाताने गुडघ्यावर ताल धरायचे, नाव सांगायचे आणि मी ते टाइप करायची. दुपारच्या जेवणापर्यंत एकशे चाळीस झाल्या. त्यांच्या बायकोने भाजी-भात वाढला तो मी कसाबसा गिळला. चार वाजता दोनशे नऊ झाल्या तरी ती रचना आली नव्हती.

दोनशे दहावी उघडली आणि त्यांचा हात गुडघ्यावर थांबला. पुटपुटणं सुरू झालं, लांबलं आणि मध्येच तुटलं.

"म्बाह कार्सोंची," ते म्हणाले. माझा श्वास मोकळा झाला. मी नाव टाइप केलं.

"पूर्ण आहे ना, पाक?"

"हो."

त्यांचा हात अजून तसाच होता. मी पुन्हा विचारलं. आहे, आहे, म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा क्षणभर थांबले, अंगणाकडे पाहिलं आणि हसले.

"झालंय पोरी. पुढची उघड."

तेच थांबणं आणि तेच हसू. पुढची उघडायला गेलेलं बोट मी मागे घेतलं आणि या वेळी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे वळून बसले.

"पाक, ही पूर्ण आहे का?"

त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "सहाच ओळी आहेत. शेवटच्या दोन गेल्या. आणि त्या मला आठवत नाहीत."

मी रडले. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या बायकोसमोर रडले आणि त्यांनी मला रडू दिलं. काही हरकत नाही असं या वेळी ते म्हणाले नाहीत, याचे मी मनातून आभार मानले. मग मी वेड्यासारखं सुचवलं, की तुम्ही एवढे जाणकार, शोभतील अशा दोन ओळी तुम्हीच बसवा ना, कुणाला कळणार आहे?

"नको," ते म्हणाले. "लिही. यापुढे म्बाह कार्सोंच्या दोन ओळी होत्या, त्या हरवल्या."

सहाव्या ओळीखाली मी ते लिहिलं. उरलेल्या दोन फाइली झाल्यावर त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला नवाकोरा पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. मी सगळ्याची प्रत काढली. झाली का, त्यांनी विचारलं. झाली म्हटलं. सगळी? सगळी. नक्की ना? नक्की, पाक.

मग त्यांनी चौथ्यांदा विचारलं, आणि मी पेनड्राइव्ह उघडून एकेक नाव त्यांना वाचून दाखवायला बसले.