आर्लिसबाईंच्या टोळीतली पोर

“खोटारडी आहे ती! आयुष्यात मक्याचं पान हाताला लागलं नसेल, आणि म्हणे लहानपणी तुरे खुडले!” ड्वेन रेझेकने टेबलावर थाप मारली. “आर्लिस, तूच सांग या बातमीदार पोरीला. टोळी तुझी होती.”

जिल्ह्याच्या साप्ताहिकाची बातमीदार वही उघडून उभी होती. जत्रेतला पक्षाचा हा स्टॉल आर्लिस कुचेराबाई बावीस वर्षं सांभाळत होत्या, आणि ड्वेन पक्षाचा जिल्हाध्यक्ष. समोरच्या पक्षाने परवाच उपराष्ट्राध्यक्षपदासाठी मरीना ओचोआचं नाव जाहीर केलं होतं. भाषणात ती म्हणाली, अकराव्या वर्षी मी नेब्रास्कात मक्याचे तुरे खुडलेत. झालं! ड्वेनने बियाणं कंपनीच्या जुन्या याद्या उकरून काढल्या. त्यांत मरीना कुठेच नव्हती.

ती का नव्हती, हे एकट्या बाईंना ठाऊक होतं. बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडायला कंपनी उन्हाळ्यात शाळकरी पोरांच्या टोळ्या लावायची, आणि त्यातल्या एका टोळीच्या बाई मुकादम होत्या. बारा वर्षांखालचं पोर टोळीत घ्यायचं नाही, असा नियम होता. त्या उन्हाळ्यात टोळीतली मरीनाची थोरली बहीण ल्युसिया तापाने आडवी पडली आणि पहाटे पाचला बसपाशी ही धाकटी तिची टोपी घालून हजर! बाईंनी तिला ओळखलं, आणि तरी यादीत ल्युसियाच लिहिलं. ओल्या पानांनी पोरीचे हात चिरले, अंगभर पुरळ उठलं, पण हूं की चूं नाही. टोळीमागून बाई ओळी तपासत जायच्या. हिच्या ओळीत औषधालासुद्धा तुरा सापडायचा नाही. सव्वीस उन्हाळ्यांत असं काम त्यांनी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

परवा रेडिओवर ते नाव ऐकलं तेव्हा रिकाम्या घरात बाई मोठ्याने म्हणाल्या होत्या, “अगं, ही तर माझी पोर!” ऊर भरून आला होता. पन्नास वर्षं एकाच पक्षाला मत घातलेल्या बाईने असं हरखावं म्हणजे कमालच. पण अभिमान काय पक्ष विचारून येतो?

आता बोलायचं म्हणजे खोटी यादी केल्याचं चारचौघांत कबूल करायचं. ज्या गावात ‘आर्लिसचा शब्द’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे, त्याच गावात.

“बोल ना,” ड्वेन म्हणाला. “दातखीळ बसली का?”

“ती होती माझ्या टोळीत,” बाई म्हणाल्या. “यादीतली ल्युसिया म्हणजे हीच. अकराची आहे हे मला माहीत होतं. खोटं मी लिहिलं, तिने नाही.”

स्टॉलवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ड्वेन खाली वाकून पुटपुटला, “डोकं फिरलंय का तुझं? त्यांच्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतेस?”

“त्यांच्यासाठी कशाला? तिच्यासाठी.”

“मग मतही तिलाच घाल!”

“मत कुणाला घालायचं ते माझं मी बघीन. पण त्या पोरीला माझ्यासमोर खोटारडी म्हणायचं नाही, सांगून ठेवते!”

ड्वेनने हात पुढे केला. बाईंनी स्टॉलच्या किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

“तुमचं नाव छापलं तर चालेल?” बातमीदाराने हळूच विचारलं.

“छाप की. आणि तिच्या ओळीत एक तुरा राहायचा नाही, तेही लिही. ते विसरू नकोस हं!”

बावीस वर्षांत बाईंना स्टॉल सोडून वासरांची स्पर्धा कधी बघता आली नव्हती. त्या सरळ गोठ्याच्या मांडवात गेल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. शेजारचं जोडपं उठून मागच्या रांगेत गेलं. बाईंनी त्या रिकाम्या जागेवर आपली पर्स ठेवली, पाठ ताठ केली आणि रिंगणात येणाऱ्या पहिल्या वासराला टाळ्या वाजवल्या.