कुशाबाईनं ऐकलेली अष्टमी

कापडावर थापलेलं बेसन निवायच्या आत त्यावर सारण पसरावं लागतं, म्हणून भरत नकाशा घेऊन दारात उभा राहिला तेव्हा कुशाबाईनं मान वर केली नाही.

"आत्या, बघ तर खरं. गाळा नंबर तीन. तळमजला. रस्त्याला तोंड."

"तू बोल. माझं हात गुंतल्यात, कान रिकामं हायेत."

भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, लसूण आणि कोथिंबीर यांचं सारण तिनं पिठावर भुरभुरलं, ओल्या कापडाचं टोक उचललं आणि एका झटक्यात घडी घातली. मग दोन्ही तळव्यांनी दाबत दाबत त्या लांबट वळकटीला माशाची पाठ आणली. मासवडीत मासा नसतो, हे पुण्याच्या पाहुण्यांना समजावता समजावता तिचे केस पांढरे झाले होते.

चुलीच्या पलीकडं कोंडाबाई भाकरी थापत होती. घोडेगावच्याही वरल्या अंगाची, डोंगरातली बाई. सोळा वर्षं ती कुशाबाईच्या खानावळीत भाकऱ्यांना होती. ती म्हणाली, "भरतभाऊ, त्या नकाशात बायांचा संडास कुठं हाय ते दावा आधी."

"हाय की मावशी, मागल्या बाजूला. टाइल्सवाला."

"टाइल्स राहूद्या मागनं. संडास लवकर बांधा."

एसटी स्टँडाजवळची पत्र्याच्या दुकानांची ही रांग महिनाअखेर पाडायची होती. मागे तीन मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं होतं, नुसता रंग बाकी होता. त्यात भरतची भागीदारी होती. गावातली म्हातारी माणसं पारावर बसून हळहळायची, की पेठेची कळा गेली. कुशाबाईला तसं फार वाटत नसे. बाजारला आलेल्या बाया अंधार पडायची वाट बघत, पोट आवळून पाट्या घेऊन बसलेल्या तिनं तीस वर्षं पाहिल्या होत्या. पेठेची कळा म्हणणाऱ्यांतला एकही कधी तसा बसला नव्हता.

महामार्गावर मात्र ओळीनं परमिट रूम झाल्या होत्या, हे खरं. त्यात भरतचं 'वृषाली गार्डन' सगळ्यात झगझगीत. त्याच्या लाइटी बघून आपला कोंबडा रात्रीचा दोनदा आरवतो, अशी कोंडाबाईची तक्रार होती. कुशाबाई तिथं एकदा जेवायलाही गेली होती. खुर्ची मऊ होती, पंखा नेमका डोक्यावर होता आणि 'गावरान मासवडी' म्हणून जे काही ताटात आलं ते अगदीच वाईट नव्हतं. भरतच्या हॉटेलात जेवून नावं ठेवायची, एवढं तिचं मन कोतं नव्हतं. वडीला कडा नव्हती, एवढंच ती कोंडाबाईला म्हणाली, तेही घरी आल्यावर.

"गाळा तुझाच," भरत म्हणाला. त्यानं नकाशा गुंडाळला. "फकस्त उद्या दुपारी आबा येतील, लोणीचं पंच येतील, चिमाजी मॅनेजर येईल. डोंगरातला जानकू बी येईल. तवा तू एवढंच म्हणायचं, लोणीची अष्टमी मी आधी ऐकली."

कुशाबाईनं आता मान वर केली.

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पाडव्याच्या सुमारास गावांचे पंच तमाशाच्या फडाला सुपारी द्यायला इथं येत. सुपारी देवाच्या नावाची, म्हणून त्या दिवशी मटण चालत नसे. आणि मटणाशिवाय पंचांना जेवल्यासारखं वाटत नसे. म्हणून मासवडी आणि तिखटजाळ रस्सा. कुशाबाईचा नवरा कुंडलिक फडाचा आचारी होता, त्यानंच ही खानावळ काढली. एका बाजूला पंच, समोर फडाचा मॅनेजर, अशी पंगत बसायची. शेवटचा रस्सा वाढताना पंचांतला वडीलधारा गावाचं नाव आणि तिथी मोठ्यानं बोलायचा. वाढणाऱ्यानं "ऐकलं" म्हणायचं. मग ती तारीख हलत नसे. कागद नाही, शिक्का नाही. हे कुणी सुरू केलं, ठाऊक नव्हतं. कुंडलिक होता तोवर तो म्हणायचा. तो गेल्यावर पहिल्या पाडव्याला कुशाबाई रस्सा वाढत होती, पंच तिथी बोलले आणि सगळे गप्प बसून तिच्या तोंडाकडं बघायला लागले. तिनं "ऐकलं" म्हटलं. त्याला बावीस वर्षं झाली होती.

यंदा घोळ झाला तो असा. लोणीचे पंच, म्हणजे कुशाबाईचा थोरला भाऊ आणि भरतचे आबा सोमाजी, आणि आणखी दोघं, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी फडाच्या चिमाजीला घेऊन थेट भरतच्या हॉटेलात बसले. घरचं हॉटेल, थंडगार हॉल. तिथं वैशाखातली अष्टमी ठरली, असं सोमाजीला वाटलं. चिमाजीला मात्र वाटलं, ही नुसती बोलणी. जेवण अजून कुशाबाईकडं व्हायचंय. ते झालं नाही. दुसऱ्या दिवशी जानकू आणि त्याच्या वाडीचे चौघं चपला बाहेर काढून तिच्याकडं पंगतीला बसले. त्यांचीही जत्रा त्याच अष्टमीला. जानकू तिथी बोलला आणि कुशाबाईनं ती ऐकली.

"आरं, पर लोणी माझ्याकडं जेवलीच न्हाई," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय आत्या. जेवली म्हण. पाडव्याच्या आदल्या दिशी, दुपारी. त्यात कुणाचं काय जातंय? माहेरच हाय तुझं."

भरत वाईट मुलगा नव्हता. कुंडलिक आजारी होता तेव्हा रोज डबा घेऊन दवाखान्यात येणारा तोच. जाताना त्यानं आत्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "त्या गाळ्यात नळ बी हाय."

तो गेल्यावर कोंडाबाईनं पुढचा उंडा मळायला घेतला. जानकूची वाडी म्हणजे तिचंच माहेर. भाकरी तव्यावर टाकत ती एवढंच म्हणाली, "मी काय सांगणार न्हाई बाई तुला. मला बी माहेर हाय, तुला बी हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आले. सोमाजी बाकड्यावर बसला, त्याच्याशेजारी भरत. जानकू दाराशी उकिडवा बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. चिमाजी मॅनेजर मध्ये उभा, काखेत डायरी. डायरीत अष्टमीच्या पानावर दोन गावं होती आणि दोन्हींवर त्यानं रेघ मारून ठेवली होती.

"माझीच चूक हाय," चिमाजी म्हणाला. "पर सोमाजीराव, तिथं आपण गिलास घिऊन बोलत व्हतो. मी ते बोलणं बोलणंच धरलं."

"आन् जेवलो ते? ती काय माती खाल्ली?"

"तिथं चिकन खाल्लं आपण. चिकनवर कुठं देवाची तिथी ठरती व्हय?"

दाराबाहेर कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"जुनं सोडा आता मॅनेजर," भरत म्हणाला. "सगळं गाव सुधारतंय. उद्या तुमचा फड बी मोबाइलवर बुक होईल. मग काय मोबाइलला मासवडी चारणार?"

"होईल तवा होईल भाऊ. यंदा तरी मला एका दिशी एकाच गावात तंबू ठोकता येतो." चिमाजी जानकूकडं वळला. "तुमचं काय म्हणणं?"

जानकूनं टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतली. "आमचं काय म्हणणं आसतंय. सात वाड्या मिळून पयल्यांदाच फड बोलावतोय. पोरं बघत्यात खाली येऊन, पर म्हाताऱ्यांनी न्हाई बघितला कवा. आता मोठी गावं आधी म्हणत आसली तर… पुढल्या साली बघू. आमी काय भांडणार न्हाई."

तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं कुशाबाईला वाटलं.

सोमाजीनं बहिणीकडं पाहिलं. त्याचा आवाज उतरला. "कुशे, तू एवढीशी व्हतीस. पोरीबाळी तमाशाला येत नव्हत्या. मी तुला खांद्यावर घिऊन, डोक्यावर घोंगडी टाकून न्यायचो. ध्यानात हाय का? त्याच जत्रंचं चाललंय हे. गावाफुडं माझी मान खाली जाईल."

तिच्या ध्यानात होतं. घोंगडीचा वास, भावाच्या खांद्याची हाडं, आणि घोंगडीच्या फटीतून दिसलेला तो ढोलकीवाला, ज्याचं डोकं हलत होतं पण पागोटं हलत नव्हतं. गाळा नंबर तीनही तिच्या डोळ्यांसमोर होता, नळासकट. तिचं वय अठ्ठावन्न होतं आणि गुडघे त्याहून म्हातारे होते. एक शब्द इकडचा तिकडं केला तर कुणी मरणार नव्हतं. जानकू तर तक्रारही करणार नव्हता, टोपी घालून वरच्या एसटीनं निघून गेला असता.

पण या गावात ती आयुष्यभर जे काही बोलली होती, त्यात हा एकच शब्द असा होता की तो यायच्या आधी पुरुष माणसं बोलायची थांबत. बाकीचं सगळं तिला भांड्यांच्या आवाजात ओरडून सांगावं लागे.

चिमाजी म्हणाला, "कुशाबाई, तुमी सांगाल ते."

तिनं पदराला हात पुसले.

"डोंगराची अष्टमी मी ऐकली. लोणीची न्हाई ऐकली. दादा, तू माझ्याकडं जेवायलाच आला न्हाईस."

चिमाजीनं डायरी उघडली, बोट जिभेला लावून पान काढलं आणि उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं. जानकूनं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. त्याला आनंद झाल्यासारखं दिसत नव्हतं, ओशाळल्यासारखं दिसत होतं.

सोमाजी उठला. "दादा, पाणी तरी पिऊन जा," ती म्हणाली.

"तहान न्हाई."

भरत मागे थांबला. रागावलेला नव्हता, दमल्यासारखा दिसत होता. "एक शबुद व्हता आत्या. एकच."

"एकच हाय माझ्याकडं, बाबा."

महिनाअखेर पत्रे उतरले. तळमजल्याचे गाळे संपले होते, हे सांगायला भरत स्वतः आला. त्याची नजर तिच्या पायांवर होती. कुशाबाईला दुसऱ्या मजल्यावर बावीस नंबर मिळाला. तिथं चूल चालणार नव्हती, धुरानं रंग काळा पडतो. शेगडी आली, सिलिंडर आलं. बेसन शेगडीवर लवकर लागतं हे तिला दोन दिवसांत कळलं आणि तिनं हात बदलला. बायांचा संडास खरंच टाइल्सचा झाला. त्याला कुलूपही आलं. किल्ली ज्या दुकानात असे ते दुकान दुपारी बंद असायचं. कोंडाबाई तिथं जाऊन शांतपणे दाराशी बसली. तिच्यामागं बाजारातल्या आणखी दहा-बारा बसल्या. तिसऱ्या बाजारापासून कुलूप दिसलं नाही.

दरवर्षी सप्तमीला लोणीहून जीप यायची, पेठेत दिलेल्या लेकीबाळींना गोळा करत. पंचेचाळीस वर्षांत कुशाबाईची एकही जत्रा चुकली नव्हती. भावाचं बोलावणं नेमानं यायचं, कधी माणसाकरवी, कधी नुसत्या जीपच्या हॉर्ननं. यंदा सप्तमीला तिनं पहाटेच आवरलं. हिरवं लुगडं पिशवीत घातलं आणि पिशवी दाराआड ठेवली, कुणाला दिसणार नाही अशी. नवाच्या सुमारास खाली हॉर्न वाजला. दोन बायका चढल्याचा, हसल्याचा आवाज आला. मग जीप गेली. लोणीला दुसरा फड मिळाला होता, थोडा लहान, असं तिच्या कानावर आलं होतं.

कोंडाबाईनं पिशवी पाहिली असावी. त्या दिवशी सगळी भांडी तिनंच घासली.

अष्टमीला दुपारी चारला खालून घरघर आली. कुशाबाई खिडकीशी गेली. आजवर फडाच्या ट्रकची तिनं चाकंच पाहिली होती आणि बाजूला रंगवलेली नावं. वरून तो निराळाच दिसला. गुंडाळलेल्या कनाती, लोखंडी पेट्या, पालथ्या घातलेल्या पातेल्यांची काळी बुडं, आणि गाठोड्यांवर बसलेल्या चार-पाच पोरी, एक केस वाळवत, एक वेफर्स खात. चिमाजी पुढं ड्रायव्हरशेजारी होता. चौकाच्या अलीकडं भरतच्या हॉटेलचा नवा बोर्ड लागला होता, एवढा मोठा की चौक दिसेनासा झाला होता. ट्रक बोर्डाच्या मागं गेला.

"कुठं गेला?" कोंडाबाई पीठभरल्या हातांनी येऊन शेजारी उभी राहिली.

"थांब."

गिअर बदलल्याचा आवाज आला. मग बोर्डाच्या पलीकडं, घोडेगावच्या रस्त्याला, कनातींचा ढीग हळूहळू वर निघाला.

"माझी आई बघंल आज," कोंडाबाई म्हणाली. "चार पोरांनी डोलीत बसवून न्यायचं ठरवलंय तिला. तिला वाटतंय, दवाखान्यातच नेत्यात."

दोघी हसल्या. ट्रक वळणाआड जाईपर्यंत कोंडाबाई तिथंच उभी राहिली, मग भाकऱ्यांकडं गेली. कुशाबाई मागं वळली. लोणी उगवतीला होती. त्या बाजूला गाळ्याला खिडकी नव्हती. नव्या रंगाची, अजून दमट असलेली भिंत होती. ती भिंतीकडं तोंड करून थोडा वेळ उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिथूनच हात जोडले.