आधी डोक्यात भरायचं

वेरूळचं घर सोडून आम्ही शहरात राहायला निघालो, तेव्हा माझा राज्यसेवेचा निबंधाचा पेपर तीन दिवसांवर होता. मागच्या खेपेला विषय वाचताच मी लिहीत सुटले होते आणि वेळ संपली तरी मुद्द्यावर पोचले नव्हते. हा शेवटचा प्रयत्न, असं मीच ठरवलं होतं. त्यामुळे त्या सकाळी डोकं तापलेलंच होतं.

त्यात टेम्पोवाले रामकिसनमामा. अंगणभर सामान पसरलेलं आणि हा माणूस ओट्यावर बसून नुसता बघतोय! अर्ध्या तासानं मी तडकलेच.

“मामा, भरायचं कधी?”

“भरायलोच की. आधी डोक्यात,” मामा शांतपणे म्हणाले. “तिकडं गेल्यावर पयलं काय लागतंय?”

“बाबासाहेबांची तसबीर,” आई म्हणाली. “मग पाण्याची कळशी. मग चहाचं सामान.”

“आन् पोरीचा पेपर कवा हाय?”

“रविवारी,” मी फणकाऱ्यानं म्हटलं. यांना काय करायचंय?

मग ते उठले. शेवटी लागणारं जड सामान, जातं, कपाट, सगळ्यांत आधी आत गेलं. एकही वस्तू त्यांनी दोनदा उचलली नाही. आईची आवडती खुर्ची मात्र बाजूला ठेवली. “चांगली हाय, पर ह्या खेपंत नाय बसत.” बाकी सबंध घर त्या एवढ्याशा टेम्पोत मावलं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

शहरात पोचल्यावर मामांनी टेम्पोची दोरी सोडली. तसबीर हाताशीच होती. मग कळशी, मग चहाचं. आणि लगेच, गाद्यांच्याही आधी, माझं टेबल आणि पुस्तकांची पेटी.

“हे खिडकीपाशी लावा,” मामा म्हणाले. “पेपर हाय तिचा.”

मी खेकसले, तेव्हा हे माझ्या टेबलाचा विचार करत होते. मला लाज वाटली, आणि या माणसाचं नवलही.

रविवारी विषय वाचला आणि वीस मिनिटं नुसती बसले. आधी शेवट ठरवला, मग सुरुवात. एक फार आवडता मुद्दा बाजूला ठेवला. पर्यवेक्षक बाई वाकून म्हणाल्या, “काही सुचत नाही का?”

“भरतेय, मॅडम.”

निबंध संपला तेव्हा दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात आठवलं, त्या दिवशी मामा चहा पिऊन निघून गेले आणि माझ्या तोंडून एक बरा शब्द निघाला नव्हता. बाहेर पडल्यावर पहिला फोन त्यांना लावला.