केळ्यात उतरलेली साखर

गुरुवार उजाडला की तापीकाठच्या त्या पत्र्याच्या मठापुढे मोटारसायकलींची रांग लागायची. पहूरकडची माणसं यायची, रावेरकडची यायची, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतले शिकलेसवरलेले साहेबलोकही बायकोच्या मागे गुपचूप उभे राहायचे. प्रत्येकाच्या हातात एकाच फणीतली दोन हिरवी केळी. कदलीनाथ महाराज त्यातलं एक रोग्याच्या कपाळाला टेकवून कापायचे आणि वर तांब्यातल्या तीर्थाचे दोन थेंब टाकायचे. पांढरा गर डोळ्यांदेखत काळानिळा पडायचा आणि माणसं "अरे बाप्पा!" म्हणत कानाला हात लावायची.

"ही रक्तातली साखर! काळी, कुजकी साखर!" महाराज गर्जायचे. "डॉक्टर ती फक्त मोजतो. आम्ही ती उतरवतो!"

दुसरं केळं लाल फडक्यात बांधून मठातल्या पत्र्याच्या पेटीत जायचं. सात दिवसांनी ते निघायचं पिवळंधमक. त्यावर तीर्थ टाकलं तर काळं होत नसे. म्हणजे साखर उतरली, रोग गेला! ते केळं मात्र कोणी तोंडाला लावायचं नाही. ते बाधेचं, तापीत सोडायचं.

केळं पिवळं का होतं, हे विचारायला लहान पोरगंही पुरे होतं. पण ज्यांच्या दोन पिढ्या केळीच्या बागेत गेल्या, तेच हात जोडून म्हणायचे, "देवीनं केळ्याले पिवळी हयद लावली." आपल्याकडे घड हिरवा कापायचा, हिरवाच ट्रकमध्ये भरायचा, पिकतो तो दिल्लीच्या कोणाच्या तरी गोदामात. तरी इतकी अक्कल गहाण टाकावी?

मंजुळाला या सगळ्याची किळस आली होती. मुक्ताईनगरच्या एका शाळेत ती प्रयोगशाळा परिचर. वीस वर्षं बटाट्याच्या फोडींवर आयोडिन टाकणाऱ्या पोरांमागे ती टेबलं पुसत आली होती. गेल्या गुरुवारी भावाच्या कुटुंबासोबत मठात पाऊल टाकलं, तेव्हाच तीर्थाचा वास तिने ओळखला होता. महाराजांच्या नखांवरचे तांबूस डागही तिच्या ओळखीचे होते. तसेच डाग तिच्या स्वतःच्या बोटांवर होते.

पण तिचं ऐकतो कोण? भाऊ तोताराम म्हणाला होता, "पुढच्या गुरुवारी पाहू." तिची आई बेबाबाई तर तिच्याशी बोलेनाशी झाली होती.

प्रश्न होता तोतारामच्या कामिनीचा. बारा वर्षांची पोर. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नव्हतं, म्हणून दिवसातून चार वेळा सुई. आजीला ते बघवत नव्हतं. महाराजांनी नेमकी तीच दुखरी नस पकडली होती. केळं स्वच्छ निघालं की त्याच घटकेला औषधाच्या बाटल्या तापीत सोडायच्या, पुन्हा सुई नाही. म्हणून आज बेबाबाई बर्फात इन्सुलिनच्या बाटल्या ठेवलेला थर्मास मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत बसली होती. पोरीचा जीव त्या थर्मासमध्ये होता.

"आत्या," कामिनीने मंजुळाचा पदर धरला, "सुई नाई घेतली त मले कसं व्हईन?"

मंजुळाने तिचा हात घट्ट धरला. खांबाशी भिकुबाई केरसुणी घेऊन बसली होती. ती दर गुरुवारी मठ झाडायला यायची. तिच्या नातवाचं केळंही पावसाळ्यात असंच स्वच्छ निघालं होतं. सुई बंद झाली आणि पोरगा अकराव्या दिवशी गेला. महाराज म्हणाले, "तू संशय घेतलास, बाई. संशयाने विद्या उलटते." तेव्हापासून म्हातारी पापाची फेड म्हणून झाडत होती.

कामिनीचं केळं निघालं. महाराजांनी सोललं, कापलं, तीर्थ टाकलं. तांबूस डाग पडला, काळं काही झालं नाही.

"जय कदलीनाथ!" मठ दणाणला. बेबाबाईच्या डोळ्यांना धार लागली. ती थर्मास घेऊन उठली.

"माय, थांब," मंजुळा पुढे झाली. तिने पिशवीतून एक पिवळं केळं काढलं. "हे त्याच फणीतलं तिसरं केळं. सात दिवस माह्या घरी तांदळाच्या डब्यात व्हतं. ना मंत्र, ना लाल फडकं. महाराज, टाका याच्यावर तीर्थ."

"नास्तिकाच्या वस्तूला आम्ही तीर्थ लावत नाही!"

"राहू द्या. माझं मी आणलंय." तिने औषधाच्या दुकानातून घेतलेली आयोडिनची बाटली उघडली आणि दोन थेंब टाकले. तांबूस डाग, काळं नाही. मग सकाळीच बागेतून तोडलेलं हिरवं केळं कापलं. काळंकुट्ट. मग बटाटा. काळाकुट्ट. मग घरची भाकरी. तीही काळी.

"आता बटाट्याला मधुमेह झाला का, महाराज? भाकरीची साखर कोण उतरवणार?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. महाराजांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं.

"तोता," मंजुळा भावाकडे वळली, "मठातल्या केळ्याची तीर्थ न लागलेली फोड खाऊन पाहाय."

"अवं, बाधेचं..."

"साखर उतरली म्हणता ना? मंग खाय. फिकं लागलं त मी सोता बाटल्या नदीत टाकते."

तोतारामने भीतभीत घास घेतला. चावता चावता थांबला. त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "गोड हाये," तो म्हणाला. "साखरीसारखं गोड."

"नाही कसं असणार?" मंजुळा सगळ्यांकडे वळून म्हणाली. "कच्च्या केळ्यात साखर फारशी नसते, स्टार्च असतो. साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ समजा. आयोडिन त्या माळेलाच काळं करतं. केळं पिकायला लागलं की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, ती माळ तोडतात आणि मणी सुटे होतात. सुटे मणी गोड लागतात, पण आयोडिनने काळे होत नाहीत. तुमच्या थुंकीतही तसलंच विकर आहे. भाकरीचा घास न गिळता चावत राहा, गोड लागेल. यांनी साखर उतरवली नाही. साखर तर या पिवळ्या केळ्यात भरलीय! म्हणून खाऊ देत नव्हते."

"पन मंग सुईच कायले?" बेबाबाई कळवळून म्हणाली. "पोटात द्या ना औशिद. पोरीले टोचून टोचून चाळनी केली."

मंजुळाचा आवाज मऊ झाला. "माय, इन्सुलिन म्हनजे प्रथिन. डाळीत असते ना, तशातलंच. पोटात गेलं की तिथली विकरं डाळीसारखे त्याचेबी तुकडे करतात. रक्तात पोचतच नाई. म्हनून सुई. पोरीचा छळ नाई व तो, तिचं जेवन हाये."

बेबाबाई थर्मास घेऊन खाली बसली. मग तिने झाकण उघडून बाटली कामिनीच्या हातात दिली. पोरीने तिथेच, महाराजांच्या हार घातलेल्या तसबिरीखाली बसून, सराईत हाताने सुई भरली आणि टोचून घेतली. महाराज तोवर मागच्या दाराने निघून गेले होते. दोन-चार भक्त अजूनही रिकाम्या गादीला हात जोडत होते.

भिकुबाई खांबाशी उभी होती. तिने केरसुणी खाली ठेवली, पुढे येऊन तोतारामच्या हातातलं उरलेलं केळं घेतलं आणि एक घास खाल्ला. हळूहळू चावला.

"माह्या पोराचं बी असंच गोड व्हतं का व?" तिने विचारलं.

मंजुळाने होकारार्थी मान हलवली.

"मंग म्या काई नाई केलं," म्हातारी म्हणाली. "म्या संशेव घेतलाच नव्हता. घ्याले पाहिजे व्हता."

त्याच दुपारी ती मंजुळासोबत पोलीस ठाण्यात गेली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रारीवर अंगठा उठवून आली. तिचा नातू काही परत येणार नाही.

देवाला हात जोडा की नका जोडू, तो तुमचा प्रश्न. पण कोणी चमत्कार दाखवला, तर तसंच एक केळं स्वतःच्या घरी ठेवून बघा. संशय घेणं पाप नाही. आणि जे चाखायला तो बुवा मनाई करतो, ते डॉक्टरांची सुई फेकण्याआधी एकदा चाखून बघा.