उसना तंबू

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो. जरा लांब बसूनच ऐका, कारण माझ्या अंगाला अजूनही कुबट वास येतो.

मला आजोबांनी शिवलं. मालवाहू गाड्यांच्या ताडपत्र्या शिवण्यात त्यांचा जन्म गेला. काम सुटलं, गुडघे धरले, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, मला कापडाचं घर शिवा ना!" झालं! म्हातारा पेटलाच. जाड कापड, मेण लावलेला दोरा आणि प्रत्येक शिवण दुहेरी. सून आत बसून म्हणाली, "बाबा, आपल्या घरापेक्षा हेच पक्कं वाटतंय." मी कसला फुशारलो म्हणून सांगू!

गेल्या वर्षी आम्ही गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी गेलो. आजोबांच्या मुलाने मला अगदी झऱ्याला चिकटून ठोकलं. म्हणे, फुकटची ऊब! खालून रात्रभर वाफ आली आणि सकाळी मी निथळत होतो.

"वाळवून घडी घाल रे," आजोबा म्हणाले.

"घरी वाळवू, बाबा. घळ बघायला उशीर होतोय."

"घळ कुठे पळून जातेय?"

पण ऐकतो कोण? मला तसंच ओलं गुंडाळलं, घरी आल्यावर माळ्यावर टाकलं. दृष्टीआड सृष्टी!

यंदा पुन्हा तिथेच गेलो. सोबत मुलाच्या कचेरीतले साहेब सहकुटुंब होते. मला उलगडलं मात्र, साहेबांच्या बायकोने नाकाला रुमाल लावला. अंगभर काळी बुरशी. दोरी ताणली तसा मी टर्रकन फाटलो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"कुठून आणलात हो हा?" साहेबांनी विचारलं.

मुलाचे कान लाल झाले. "उसना आणलाय, साहेब. शेजाऱ्यांचा."

आजोबा हातात खुंटी घेऊन शेजारीच उभे होते.

"बाबा, असं काय? हा तर आजोबांनी..." नात बोलू लागली. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उसनाच आहे गं, बाळा. परत द्यायचाय, म्हणून शिवून ठेवतो."

गुडघे शेकायला आलेला माणूस कुंडाकडे फिरकलाही नाही. दगडावर बसून खिशातली सुई काढली आणि मला शिवत राहिला. साहेब मंडळी पाण्यात उतरली. मुलगा उतरला नाही. तो खाली मान घालून माझी फाटकी कड ताणून धरत होता.

मित्रांनो, ओल्या वस्तूची घडी घालू नका. मला वाळायला एक सकाळ पुरली असती. आणि आपल्या माणसाने केलेल्या वस्तूला चारचौघांत परकं म्हणू नका. कापडाला ठिगळ लागतं, त्या शब्दाला मात्र ठिगळ लागत नाही.

आता मुलगा मला गच्चीवर नेमाने ऊन दाखवतो. शेजारी विचारतात, "कुणाचा हो तंबू?"

"आमच्या बाबांनी शिवलाय!" तो मोठ्याने सांगतो.

पण आजोबांना आता गच्चीचा जिना चढवत नाही.